मुशीचे बावीस दिवस

बावीस दिवस झाले, काशीबाईच्या चुलीवर रोज मुशी शिजत होती. हातभर लांबीची कोवळी मुशी, म्हणजे शार्कचं पिल्लूच, वरून कढत पाणी ओतायचं, खरखरीत कातडी ओरबाडून काढायची, आलं-लसणीचं वाटण सढळ हाताने आणि तिखट बेताने घालायचं, आणि वाडगा भरून बाळंतिणीपुढे ठेवायचा. बाळंतिणीला दूध कमी असेल तर दांडी गावात याहून दुसरं औषध कुणी सांगत नाही. काशीबाईच्या सुनेला, जमनाला, दूध नाही ही बातमी एकदा वाडीभर झाली, तेव्हापासून ज्याच्या जाळ्यात मुशी येई तो ती आपणहून काशीबाईच्या ओट्यावर ठेवून जाई. माणसं मायेचीच होती. पण त्या मुशीबरोबर ती बातमीही रोज नव्याने ओट्यावर येऊन पडे, आणि तिला मान वर करायची सोय राहिली नव्हती.

जमना वीस वर्षांची, माहेर सफाळ्यापलीकडे खाडीकाठी. पहिलीच खेप, मुलगी झाली. बारशाला नाव ठेवलं मंजुळा. दिसामासाने वाढायचं सोडून पोर दिवसेंदिवस आटत चालली होती. पाच आठवड्यांची झाली तरी मांड्यांची कातडी सैल, हनुवटी टोकदार, आणि रडणं इतकं बारीक की दारातल्या कोंबड्यांच्या गलबल्यात ऐकू येऊ नये. तास तास छातीला लावली तरी पोट भरत नसे. थकून झोपायची आणि घटकाभराने पुन्हा तोंड वासायची.

"खा. पुरा खा," काशीबाई म्हणाली. "तुज्या माह्यारी खाडीचा मासा खाऊन अंगात काय ऱ्हाणार? समिंदराचा मासा पोटात गेला तर दूध येल."

"आये, मना लय दुखता," जमना पुटपुटली.

"पयल्या खेपेला सगल्यांना दुखता."

विषय तिथेच मिटला. काशीबाईचं घर म्हणजे काशीबाईचा कायदा. बावन्न वर्षांची बाई, नवरा कमलाकांत वारून बारा वर्षं झालेली. डोक्यावर पाटी घेऊन बोईसरचा बाजार तिने गाजवलेला, आणि कारखान्यातल्या माणसांना हिंदीतून बोंबील विकायचंही तिला सरावाने जमत होतं. मुलगा नवशा होळीपर्यंत जाफराबादच्या बाजूला बोटीवर. तेव्हा घरात विचारायचं कुणाला, हा प्रश्नच नव्हता. मुशी लागू पडत नाही म्हटल्यावर काशीबाईने एकच केलं, वाडगा मोठा घेतला.

त्या दिवशी सकाळी बोंबील भरपूर आला होता. पौषातलं ऊन आणि कोरडा वारा, असा दिवस वाया घालवणारी बाई दांडीत जन्मली नाही. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडी रांगेने उभ्या होत्या, त्यांच्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील अडकवायचे. दोन बोंबील घ्यायचे, अंगठ्याने तोंडं उघडायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात गुंतवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. दात बारीक असतात पण धरून ठेवतात. दुपारपर्यंत बायकांची बोटं सोलून निघतात.

काशीबाईकडे यंदा डोंगराकडच्या पाड्यावरची ठकी कामाला होती. भातकापणी उरकली की तिकडची माणसं खाली कामाला उतरतात, तशी ती आणि तिचा नवरा जिवल्या आलेले. जिवल्या रेतीच्या कामावर, ठकी वलांडीवर. तिचा आठ महिन्यांचा मुलगा सावलीत झोळीत असे, आणि दर थोड्या वेळाने ठकी उठून त्याला पाजायला जाई. काशीबाईला ते उठणं खुपायचं. परवाच तिने ठकीचा पदर झटकायला लावला होता, आत बोंबील लपवलाय का बघायला. काही निघालं नाही. ठकीने पदर पुन्हा खोचला आणि काम सुरू केलं.

जमना घरात बसून किती बसणार, म्हणून पोरीला घेऊन वलांडीच्या सावलीत येऊन बसली होती. पोर रडत होती. रडता रडता छातीला लागायची, सुटायची, पुन्हा रडायची. ठकीने दोनदा वळून पाहिलं आणि तिसऱ्यांदा बोलली.

"बाय, पोर कवाची रडते. दे माज्याकडं जराशी. माजा दूध भरून आलाय."

"तुज्या पोराचा तुज्या पोराला ऱ्हावदे," काशीबाई म्हणाली.

ठकी पुन्हा बोंबील गुंतवू लागली. थोड्या वेळाने मंजुळा गप्प झाली. दमून, डोळे अर्धे उघडे ठेवून ती नुसती पडून राहिली, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. शेजारच्या वलांडीवरच्या बायकांचे हात थांबले. काशीबाईने हात पाण्यात बुडवले, लुगड्याला पुसले, सुनेच्या मांडीवरून पोर उचलली आणि सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत ठकीच्या मांडीवर ठेवली. ज्या बाईचा परवा पदर झटकला तिच्यापुढे आज ती हात पसरून उभी होती. तिने नुसती मान हलवली.

ठकीने पोरीला जवळ घेतलं. पोर झटकन लागली, जिवाच्या आकांताने ओढू लागली. टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. बायका म्हणाल्या, बघा कशी पिते. पण दूध ओठांच्या कडेने गळत होतं, गळ्याखालचं दुपटं भिजत होतं, आणि चार घोटांत पोर सुटून पुन्हा केविलवाणी रडली. ठकीने दुसऱ्या बाजूला घेतलं. तेच झालं.

"म्हंजे तुला पन नाय दूध?" काशीबाईने विचारलं.

बायका हसल्या. ठकीचं दूध तिच्या लुगड्यावर आणि तिथून रेतीत ठिबकत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"दूध हाय, बाय. हिलाच वढता येत नाय. आवाज आयकला ना? टक टक. तो दुधाचा नाय. धरता नि सुटता, धरता नि सुटता. पोटात वारा जातो नुसता."

काशीबाईने तो आवाज ऐकला होता. तिने तोंड समुद्राकडे फिरवलं आणि उगाच लाटांकडे पाहत राहिली.

ठकीने करंगळी धुतली आणि पोरीच्या तोंडात हलकेच घातली. मग रडताना तिचं तोंड उन्हाकडे केलं. "ये, बघ." जीभ वर येतच नव्हती. शेंडा मधोमध खाली ओढलेला, आणि शेंड्यापासून खालच्या हिरडीपर्यंत एक पातळ पांढरट पडदा ताणलेला. जीभ जागच्या जागी बांधून टाकली होती.

काशीबाई वाकून बघत राहिली. सकाळपासून शे-दोनशे बोंबलांची तोंडं तिने अंगठ्याने उघडली होती. जन्मभर तेच केलं होतं. घरातल्या पोरीच्या तोंडात बघायचं मात्र पाच आठवड्यांत तिला सुचलं नाही, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या दहा बायकांनाही सुचलं नाही.

"आता हिचा बघू," ठकी म्हणाली. तिने जमनाला वलांडीच्या आडोशाला नेलं, काशीबाईकडून वाटी मागवली. जमनाची उजवी छाती दगडासारखी घट्ट, बोंडीला भेगा, भेगांत वाळलेलं रक्त. काशीबाईने ते पहिल्यांदा पाहिलं. ठकीने कोमट फडक्याने शेकलं, हाताने वरून खाली हळूहळू चोळलं आणि वाटी खाली धरली. जमना ओठ चावून रडत होती. थेंब आले, मग धार आली. वाटी काठोकाठ नाही पण निम्म्याच्या वर भरली.

काशीबाई वाटीकडे बघत राहिली. बावीस दिवसांची मुशी तिच्या डोळ्यांपुढून गेली. चमच्या-चमच्याने ते दूध ती पोरीच्या तोंडात घालत होती, आणि पोर प्रत्येक चमच्याला मान पुढे करत होती.

संध्याकाळी लाडकी नावाची सुईण आली. अर्धी दांडी लाडकीच्या हातावर जन्मलेली, नवशासुद्धा. उजव्या हाताच्या करंगळीचं नख तिने वाढवलेलं असे, आणि ते कशासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने पोरीच्या तोंडात बघितलं. "हाय, बांधलेली हाय. हलद आना जराशी. नखानी आता तोडते, दोन पलांचा काम."

काशीबाई हळदीला उठली. ओट्याच्या खालच्या पायरीवरून ठकी बोलली, "बाय, आमच्या पाड्यावर असाच तोडलेला. रगत दोन दीस थांबला नाय, नि मंग तोंडात पिकला. पोऱ्या जगला, पन लय हाल झालं. दवाखान्यात दावा."

"डोंगरातनं आलेली आता मना शिकवेल?" लाडकी म्हणाली. "आख्खा जनम गेला माजा या कामात."

"नखानी नको," जमना म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सासूच्या पुढ्यात, सुईणीसमोर, नवरा घरात नसताना सून बोलली होती. एरवी काशीबाईने तोंडाचा पट्टा सोडला असता. तो सोडायला तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात तिची नजर लाडकीच्या करंगळीवर गेली. लाडकी घरी मासे साफ करता करता उठून आली होती, आणि नखाच्या कडेला काहीतरी चकाकत होतं.

"लाडके," काशीबाई हळू आवाजात म्हणाली, "तुज्या नखाला खवला हाय."

लाडकीने नख पदराला पुसलं. पुसलं तरी ते नख पुन्हा पोरीच्या तोंडाकडे न्यायचा धीर कुणाला झाला नाही, तिलासुद्धा नाही. "बोईसरला जा मंग," ती उठताना म्हणाली. रागावली होती, पण दारातून वळून तिने सांगितलं, "उपाशी नेऊ नको हां. वाटीनी पाजून ने."

सकाळी दोऱ्यांवर अर्धवट वाळलेला माल होता. असा माल टाकून काशीबाई कधी सोयऱ्याच्या लग्नालाही गेली नव्हती. कावळे, कुत्रे, वारा, आणि शेजारणी. तिने कमरेची किल्ली काढली आणि ठकीच्या हातात दिली.

"घर तुज्यावर. माल तुज्यावर. दुपारी एकदा फिरव."

ठकीने किल्लीकडे पाहिलं, मग काशीबाईकडे. "फिरवते," ती म्हणाली. किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली, तोच पदर.

काशीबाई आणि जमना पोरीला घेऊन एसटीने बोईसरला पोचल्या. दवाखाना स्टेशनापासून सरावलीच्या रस्त्याला होता, एका डॉक्टरीणबाईंचा. बाकावर कारखान्यातली माणसं रांगेत बसलेली. हाताला फडकं बांधलेला एक जण पोरीकडे बघून उठला. "माताजी, पहले आप जाइए," म्हणाला आणि मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या फडक्यातून रक्त येत होतं. काशीबाईला ते आत जाताना दिसलं, आणि त्याला काही बोलायचं राहून गेल्याची रुखरुख तिला पुढे कितीतरी दिवस लागून राहिली.

डॉक्टरीणबाई घाटावरच्या, बोलणं सावकाश. त्यांनी आधी पोरीला वजनावर ठेवलं आणि आकडा बघून ओठ घट्ट मिटले. मग करंगळीने जिभेखाली चाचपलं. काशीबाईला वाटलं, आता कात्री काढतील. पण त्यांनी जमनाला स्टुलावर बसवलं. "आता पाजा. मला बघू दे."

त्या खाली वाकून बघत राहिल्या. पोरीला जरा वर धरायला लावलं, हनुवटी आत, तोंड मोठं उघडू दिलं. एकदा, दोनदा, तीनदा. पोर धरायची आणि टक करून सुटायची.

"आजी, जीभ अशी असलेली पुष्कळ मुलं नीट दूध पितात. तशी असती तर मी हात न लावता घरी पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "हिला मात्र पिता येत नाही आणि वजन घटतंय. दोन वाटा आहेत. आठ दिवस दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं आणि वाट बघायची. नाहीतर आज हा पडदा कापायचा. पातळ आहे, रक्त थोडंसंच येईल. कापल्यावर लगेच जमेल असं वचन मी देत नाही. बहुतेक जमेल."

"मोठी झाल्यावर बोलंल ना बरा?" काशीबाईने विचारलं.

"ते आज कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी कापायचं म्हणत नाही मी. भुकेसाठी म्हणते." त्या पुढे म्हणाल्या, "जखमेतलं रक्त लवकर थांबत नाही, असं घरात कुणाचं आहे? आणि अशी जीभ आणखी कुणाची होती? कधी कधी घराण्यात असते."

"रगताचा काय नाय," काशीबाई म्हणाली. मग म्हणाली, "जिभेचा पन नाय." हे दुसरं उत्तर तिने जरा घाईने दिलं.

"मग काय करायचं?"

डॉक्टरीणबाई काशीबाईकडे बघत होत्या. घरातल्या मोठ्या माणसाकडे बघूनच विचारायची रीत. बाजारात दहा गिऱ्हाइकांना एकदम उत्तर देणारी काशीबाई खाली बघत होती. बावीस दिवस तिने ठरवलं होतं, आणि काय ठरवलं होतं ते वजनाच्या काट्यावर दिसलं होतं.

"हिला इचारा," ती म्हणाली. "पोर हिची हाय."

जमनाने पोरीचं डोकं हाताने झाकलं. "दुखंल तिला?"

"थोडं. मिनिटभर रडेल."

"आन आठ दीस थांबलो तर?"

"थांबता येईल. वाटीने पाजत राहावं लागेल, रात्रंदिवस. आणि तुमचं दूध टिकवायला ते काढत राहावं लागेल."

जमना विचार करत बसली. कुणी घाई केली नाही. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मग ती म्हणाली, "करा. आजच करा. ती लय भुकेली हाय."

नर्सबाईने पोरीला फडक्यात घट्ट गुंडाळून डोकं धरलं. डॉक्टरीणबाईंनी उकळलेली बारीक कात्री घेतली, दोन बोटांनी जीभ वर उचलली, आणि काशीबाई डोळे मिटेपर्यंत ते होऊनही गेलं. पोर किंचाळली. कापसावर रक्ताचे दोन-तीन ठिपके उमटले, बस. "घ्या लगेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पहिल्यांदा ती सुटली. जमनाचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा तिने धरलं आणि टक आवाज आला. तिसऱ्यांदा धरलं आणि आवाज आला नाही. खोलीत सगळे गप्प होते, म्हणून ऐकू आला तो गिळल्याचा आवाज, बारीक, एकामागून एक. पोरीचे कान हलत होते. जमनाने वर बघितलं.

"आये, दुखत नाय."

काशीबाई पुढे होऊन डॉक्टरीणबाईंच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला मध्येच धरलं. "आजी, मी फक्त कापलं. चार दिवसांनी वजनाला आणा. तोवर अंगावर पाजा आणि वर वाटीनेही द्या, तिला शिकायला वेळ लागेल. जखमेला हळद, मध, काहीही लावू नका. हे ओळखलं कुणी?"

"ठकीनी."

"ठकी कोण?"

आमच्याकडे मजुरीला आहे, असं काशीबाई म्हणणार होती. "आमच्या घरचीच हाय," ती म्हणाली.

परतल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. ठकी वलांडीपाशी हातात काठी घेऊन बसली होती, मुलगा तिच्या मांडीवर. माल फिरवलेला, खाली पडलेला वेगळा काढलेला, एक जोडी इकडची तिकडे नाही. जमनाने लांबूनच दुपटं वर करून पोर दाखवली. पोर तोंड उघडं टाकून झोपली होती, ओठावर दूध वाळलेलं. ठकी उभी राहून हसली आणि तिने किल्ली पुढे केली.

काशीबाईने किल्ली घेतली नाही. जमना घरात गेली, तशी ती ठकीशेजारी रेतीत बसली. बायका बघत होत्या, बघू देत.

"डाक्टरीणबायनी इचारला, घरात आनकी कोनाची जीभ अशी होती काय. मी नाय म्हनली." ती थांबली. "नवशाच्या अगोदर मना एक पोर झालती. एकेचालीस दीस जगली. ती पन असाच टक टक करायची. तू काल आवाज दावलास ना, मी तवाच वलकला. सासूनी मना मुशी घातली, रोज. सगली वाडी बोलली, काशीला दूध नाय. मी पन मानला."

ठकी ऐकत होती. मांडीवरच्या मुलाला तिने या हातावरून त्या हातावर घेतलं.

"पोर गेली आन मंग माजी चोली भिजाया लागली. आठ दीस भिजत होती. मना वाटला, दूध आता आला, मेल्यावर आला. लाजंनी कोनाला सांगला नाय. दिसातनं तीनदा चोली धुवायची इहिरीवर, कोन नाय बघून." काशीबाईने डोळे पुसले नाहीत, पाणी वाहू दिलं. "मना दूध होता, ठके."

"व्हता ना, बाय," ठकी म्हणाली. "व्हताच."

"तू आज एक पोर वाचवलीस. आन दुसरीचा दोष माज्यावरनं काढलास. चौतीस वरसं होता तो. मी तुजा पदर झटकाया लावला, आन तू..." ती रडत राहिली, उघड्यावर, सगळ्या वाडीसमोर. पोर गेली तेव्हा सासूने तिला एवढंही रडू दिलं नव्हतं.

ठकीने तिला रडू दिलं. वाऱ्याने दोरीवरचे बोंबील हलत होते. मग ठकीने विचारलं, "नाव काय व्हता तिचा?"

चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवशाने नाही, कमलाकांतनेही कधी ते नाव पुन्हा काढलं नव्हतं.

"रतन," काशीबाई म्हणाली. आणि मग, नीट ऐकू जावं म्हणून, पुन्हा एकदा म्हणाली.